ओल्या बाजूचे पागधरे साहेब

पागधरे साहेब कुठल्याही लोखंडी वस्तूला पहिल्यांदा हात लावायचे तो उलटा. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच ती वस्तू धरायची. करंट लागला की मूठ आपोआप वळते, असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. उलटा हात असेल तर तो मागे ओढला जातो. तळहात लावला असेल तर मूठ त्याच वस्तूवर आवळते आणि सुटत नाही. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की स्टोअरच्या दाराची कडी, कंपनीच्या बसचा दांडा, कँटीनमधला पाण्याचा पिंप, सगळ्यांना ते आधी उलट्या हातानं विचारून घ्यायचे. एकदा ते डहाणूला आमच्या घरी आले होते. माझी धाकटी मुलगी आजारी होती. तिच्या कपाळालाही त्यांनी बोटांची मागची बाजू टेकवली, जरा थांबले आणि म्हणाले, “आहे.”

ताप आहे म्हणतायत, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

तलासरीला हायवेच्या कडेला एक कागदाची मिल होती, तिथे मी स्टोअरला क्लार्क होते. ऐंशीच्या दशकात त्या पट्ट्यात बरेच कारखाने आले, त्यांतलाच हा एक. रद्दी भिजवून तिचा लगदा करायचा आणि त्यातून पुठ्ठा आणि पॅकिंगचा जाडाभरडा कागद काढायचा. मशीन म्हणजे एक भला लांब हॉल होता. त्याच्या एका टोकाला लगदा, पाण्याचे फवारे, खाली वाहती गटारं. त्याला सगळे ओली बाजू म्हणायचे. दुसऱ्या टोकाला वाफेवर तापलेले मोठाले सिलेंडर. ती सुकी बाजू. कागद एका रोलरवरून दुसऱ्यावर जाताना दोघांचा वेग जुळला नाही तर तो फाटतो. हा वेग थोडाथोडा कमीजास्त करता यावा म्हणून तिथे डीसीच्या मोटरी होत्या. बॅटरीत असते तशी एकाच दिशेनं जाणारी वीज, पण जोर बॅटरीच्या कितीतरी पट. आणि त्यातल्या निम्म्या मोटरी ओल्या बाजूला, पाण्याच्या तुषारात, वर्षानुवर्षं.

त्या मोटरींचे मालक म्हणजे मिलचं विजेचं काम बघणारे पागधरे साहेब. कंपनीचे मालक मुंबईला असायचे, ते वेगळे.

साहेब मूळचे डहाणूजवळच्या, किनाऱ्यावरच्या वरोरचे. आईनं डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकली आणि मुलाला मुंबईला डिप्लोमाला घातलं. त्या डिप्लोमाचा त्यांना फार अभिमान होता. कुणी ‘अर्थिंग’ला ‘अरथिंग’ म्हटलं की बोलणं तोडून आधी उच्चार सुधारायचे. पँटीची इस्त्री मोडू नये म्हणून बसमध्ये ताठ बसायचे. कंत्राटी माणसांशी ते तुटक वागत, फिटरांना दारात ताटकळत ठेवत, आणि कुणाचं काम चांगलं झालं तर ‘हं’ म्हणत. ही त्यांची शाबासकी. डब्यात मात्र तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीतल्या जवळ्याची चटणी असायची. तो डबा उघडला की प्रॉडक्शन मॅनेजर देसाई आपलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. साहेब मान वर न करता जेवत राहायचे.

बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. “पाय कोरडे आहेत का?” ओल्या बाजूवरून आलेला माणूस असला की हा प्रश्न यायचाच. नसले तर आधी पाय पुसून यायला लावायचे, मग तक्रार ऐकायचे. आणि कुणी ‘पण मशीन चालतंय ना, साहेब?’ असं म्हटलं की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा.

“चालतंय हीच तक्रार आहे,” ते म्हणायचे.

याचा अर्थ मला त्यांच्या पॅनेलरूममध्ये कळला. तिथे एका पाटीवर दोन साधे दिवे शेजारी शेजारी लावलेले होते. सगळं ठीक असेल तेव्हा दोन्ही सारखेच, मध्यम जळायचे. वायरमध्ये पाणी शिरून करंट कुठेतरी लोखंडात, जमिनीत झिरपायला लागला की एक दिवा मंदावायचा आणि दुसरा जास्त उजळायचा. बाकी काहीच व्हायचं नाही. फ्यूज जायचा नाही, मशीन थांबायचं नाही.

“हा पहिला दोष,” ते म्हणाले. “एकटा असतो तोवर गप्प असतो. होडीला एक भोक पडलंय, पण ते पाण्याच्या वर आहे, असं समजा. दुसऱ्या बाजूला दुसरा दोष आला की करंटला वाट मिळते. त्या वाटेत माणूस उभा असला तर माणूस जातो. म्हणून पहिल्यालाच पकडायचं असतं, चुरीबाई. दुसऱ्याची वाट बघायची नसते.”

दसऱ्याला मिलमध्ये मशीनची पूजा व्हायची. सगळं मशीन झेंडूच्या माळांनी सजवायचं, पेढे वाटायचे, मालक मुंबईहून यायचे. एका वर्षी गुरुजी मंत्र म्हणत, आंब्याच्या डहाळीनं पाणी शिंपडत मशीनच्या एका टोकापासून निघाले ते थेट पॅनेलरूमच्या दारात आले. पागधरे साहेब दारातच उभे होते. त्यांनी गुरुजींचा मनगटाशी हात धरला.

“फुलं वाहा, हळदकुंकू लावा. पाणी नको.”

गुरुजी गोंधळले. “अहो, पाण्याशिवाय पूजा कशी होणार?”

“पाण्याची पूजा तिकडे चोवीस तास चालूच आहे. एवढी खोली तरी सोडा.”

देसाई गुजराती. ते पुढे आले आणि हसत म्हणाले, “पागधरेभाई, बे टिपां पाणी, दोनच थेंब. शुकन असतो.” साहेबांनी हात सोडला नाही. शेवटी मालकच म्हणाले, राहू दे, आणि गुरुजींनी चौकटीला गंध लावून पूजा आटोपली. त्या दिवशी मिलमध्ये सगळे या गोष्टीवर हसत होते. मीसुद्धा हसले. साहेब पेढा न खाता पुन्हा आत जाऊन बसले.

रमण वरठा गेला तो त्याच्या पुढच्या पावसाळ्यात.

रमण तलासरीजवळच्या एका पाड्यावरचा. कंत्राटावर होता, ओल्या बाजूची गटारं होजनं धुवायचं त्याचं काम. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. स्टोअरमध्ये गमबूट मागायला यायचा तेव्हा दाराबाहेरच थांबायचा. आत ये म्हटलं तरी यायचा नाही, पायाला लगदा आहे म्हणायचा.

त्या आठवड्यात पॅनेलवरचा एक दिवा मंद झाला होता. साहेबांनी तो पाहिला होता. आठवड्याच्या शटडाऊनला एकेक मोटर सोडवून बघायचं त्यांनी ठरवलं होतं. पण मोठी ऑर्डर होती, देसाईंनी शटडाऊन पुढे ढकलायला सांगितलं, आणि साहेब ‘बरं’ म्हणाले. एवढाच शब्द. इतर वेळी एका दिव्यासाठी तासभर वाद घालणारे साहेब त्या वेळी ‘बरं’ का म्हणाले, ते मला माहीत नाही. बहुधा त्यांनाही माहीत नसावं.

दुपारची वेळ होती. मी स्टोअरमध्ये बेअरिंगा मोजत होते. मशीनचा आवाज आमच्या कानांना इतका सवयीचा होता की तो ऐकूच यायचा नाही. तो एकदम थांबला. मशीन एरवी थांबतं तेव्हा हळूहळू उतरत थांबतं. हे वेगळं होतं. मी दारात आले तर सगळा हॉल शांत होता आणि नुसतं पाणी गळत होतं.

नंतर कळलं ते असं. रमण होज मारत होता, त्याचा पाय घसरला असावा, त्यानं मोटरचा आधार घेतला. पाण्याखाली, लगद्याच्या थराखाली, त्या मोटरची, गळता करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली होती. पहिला दोष दुसरीकडे कुठेतरी होताच. दुसरा या मोटरमध्ये आला होता. माणसं आजूबाजूला काम करत होती. त्यांना रमण मोटरला टेकून बसलेला दिसत होता. एकानं त्याला हाकही मारली. दमलाय, बसलाय, असं त्यांना वाटलं. पागधरे साहेब तिकडून जाता जाता थांबले, त्याच्याकडे पाहिलं आणि पॅनेलकडे धावले. त्यांनी मेन स्विच पाडला, म्हणून तो आवाज थांबला होता.

मी गेले तेव्हा त्याला सुक्या बाजूला आणून पुठ्ठ्यावर निजवलं होतं. साहेब त्याच्या छातीवर दाब देत होते, पुन्हा पुन्हा, कंपनीचा डॉक्टर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावेपर्यंत. मग ते उठले, स्टोअरच्या नळावर आले, हात धुतले आणि मला म्हणाले, “टॉवेल आहे का?” मी दिला. त्यांनी एकेक बोट पुसलं. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत लगद्यानं भरली होती. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, हार्ट असावं. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी सरकारी वीज निरीक्षक यायचे होते. ती मोटर सोडवून स्टोअरच्या व्हरांड्यात आणून ठेवली होती, त्यामुळे जे काही बोलणं झालं ते माझ्यासमोर झालं.

निरीक्षक यायच्या आधी देसाई पागधरे साहेबांजवळ आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

“पागधरेभाई, जो गया सो गया. डॉक्टर हार्ट म्हणतोय. तुम्ही फक्त एवढंच बोला, मोटर ठीक होती. तुमच्यावर पण काही येणार नाही. घरी बायको आहे, विचार करो.”

साहेब मोटरकडे बघत होते. देसाईंना वाटलं, मान्य आहे.

निरीक्षक आले, मोटरभोवती फिरले आणि त्यांनी विचारलं, “काय झालं असावं?”

“करंटनं गेला,” साहेब म्हणाले. “हार्ट नाही. अर्थिंगची पट्टी तुटलेली होती. एक फॉल्ट आधीपासून होता, हा दुसरा. पहिल्याचा दिवा मी पाहिला होता. शटडाऊन पुढे ढकलायला मी हो म्हटलं.”

निरीक्षकांनी लिहिता लिहिता मान वर केली. “हे तुम्ही स्वतःच्या विरुद्ध बोलताय, हे लक्षात येतंय ना?”

“करंट माझा होता. दुसऱ्या कुणाचा सांगू?”

ते मोठ्यानं बोलले नाहीत. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. स्टोअरमधून खिळे मागावेत तसे ते बोलले. देसाई वळून निघून गेले.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. करंटनं गेला हे ठरल्यामुळे रमणच्या घरच्यांना भरपाई मिळाली आणि त्याच्या बायकोला मिलमध्ये नोकरी मिळाली. साहेबांची बढती गेली. त्यांच्या डोक्यावर बाहेरून आणलेला एक मॅनेजर बसला. ऑफिसमधली माणसं म्हणायची, ह्यानं कंपनीला गोत्यात आणलं. कामगार म्हणायचे, दिवा बघूनही गप्प बसला तो हाच. दोन्ही बाजू आपापल्या परीनं बरोबर होत्या. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ते बसायचे, त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. चारोटीला बस चहासाठी थांबली की सगळे उतरायचे, ते खिडकीतून समोरच्या दुकानांच्या पाट्या बघत बसायचे.

त्यांच्या बायकोला आम्ही पागधरेबाई म्हणायचो. त्या डहाणूला शाळेत शिकवत. एकदा बाजारात भेटल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, “काल मी कालवणात मीठ घालायला विसरले. ह्यांनी सगळं जेवण संपवलं, ताट धुवून ठेवलं. मी जेवायला बसले तेव्हा मला कळलं.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “आज मी मुद्दाम घातलं नाही. आजही काही बोलले नाहीत.”

मी त्यांची पिशवी धरली आणि त्या ढिगातली भाजी निवडायला लागल्या.

रमणच्या पाड्यावर जायची वेळ आली ती या सगळ्याच्या मध्येच. नोकरीचं सांगायला कंपनीची जीप जाणार होती आणि बरोबर बाईमाणूस असलेलं बरं म्हणून मला पाठवलं. साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. जीप निघताना ते आले आणि मागे बसले. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी चल म्हटलं.

पाड्यावर कुडाचं घर, शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात रमणचा म्हातारा बाप पाय पसरून बसलेला. रमणची बायको, सोनी, आतून आली. कडेवर मूल होतं. मी नोकरीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, ‘बरा’ म्हणाली. मग साहेबांकडे बघून तिनं मला विचारलं, “हे कोन?”

साहेबच बोलले. “मी मिलमधला. विजेचं काम माझ्याकडे आहे.”

ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, “त्याला दुखला का, सायेब?”

मला वाटलं, आता हे काहीतरी बरं बोलतील. कुणीही बोललं असतं. मी स्वतः बोलायला तोंड उघडलंही होतं.

“हो,” साहेब म्हणाले. “लगेच गेला नाही. त्या विजेत हात सुटत नाही. ओरडताही येत नाही.”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. सोनीचा चेहरा बदलला नाही. तिनं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“सगले सांगत होते, झोपला तसा गेला,” ती म्हणाली. “त्याला धुताना त्याची मूठ उघडत नव्हती. मी लई ओढली. झोपलेल्या मानसाची मूठ अशी नसते. मना कोन खरा सांगत नव्हता.”

साहेब उभेच होते. मग ती म्हणाली, “आता जा तुमी.”

आम्ही निघालो. परत येताना हायवेवर साहेबांनी जीप थांबवायला सांगितली. ते उतरले आणि टपरीपाशी जाऊन म्हणाले, “चहा घ्यायचा का, चुरीबाई?” टपरीवाल्यानं उकळता चहा ग्लासात ओतला. माझा ग्लास धरवत नव्हता, मी पदरात धरला. साहेबांनी आपला ग्लास एका दमात रिकामा केला आणि खाली ठेवला. त्यांच्या तोंडाकडे बघायचा मला धीर झाला नाही.

नंतरच्या दिवसांत ते फक्त एकाच गोष्टीच्या मागे लागले. नुसत्या दिव्यांवर त्यांचा आता भरवसा नव्हता. दिवा बघायला माणूस लागतो, आणि बघून गप्प न बसणारा माणूस लागतो. पहिला दोष आला की मशीन आपोआप थांबलं पाहिजे, कुणालाही न विचारता, असं उपकरण त्यांना हवं होतं. नव्या मॅनेजरनं मुंबईहून एक पेटी मागवली. चांगल्या कंपनीची, चकचकीत. साहेबांनी ती स्टोअरच्या टेबलावर उघडली आणि पुन्हा बंद केली.

“ही एसीची आहे. घरच्या विजेसाठी. डीसीला आंधळी आहे ही, समोरून करंट गेला तरी हिला दिसायचा नाही. परत पाठवा.”

मॅनेजर चिडला. पण साहेबांनी ती बसवू दिली नाही. पुढे बऱ्याच खटपटीनंतर डीसीतला दोष पकडून मशीन थांबवणारा रिले आला. तो त्यांनी स्वतःच्या हातानं बसवला, आणि त्यासोबत ओल्या बाजूच्या प्रत्येक मोटरला नवी, जाड अर्थिंगची पट्टी, तीही लगद्याच्या वर, डोळ्यांना दिसेल अशी.

पावसाळा आला आणि मशीन थांबायला लागलं. कधी सकाळी, कधी भर उत्पादनात. मशीन थांबलं की कागद तुटायचा, तो पुन्हा ओढायला वेळ जायचा, सगळ्यांची खोटी व्हायची. ‘फालतू ट्रिप’ असं त्याला नाव पडलं. रिलेची वायर काढून टाका, असं जो तो म्हणायचा. साहेब स्टूल घ्यायचे आणि एकेक मोटर सोडवत बसायचे. आणि प्रत्येक वेळी काहीतरी सापडायचं. केबल मोटरमध्ये शिरते तिथलं रबर चिरलेलं. आत कार्बनची भुकटी साचून ओली झालेली. एकदा उंदरानं कुरतडलेली वायर. सापडलं की ते मला बोलावून दाखवायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी बघायचे, हं म्हणायचे आणि परत यायचे.

एकदा मात्र सापडलं नाही.

त्या दिवशी मशीन सकाळी थांबलं. साहेबांनी ओल्या बाजूची प्रत्येक मोटर तपासली. मोठे दिवे लावून सुकवली, मीटर लावून पुन्हा पुन्हा मोजली. सगळं ठीक. रिले तपासला, तोही ठीक. देसाई तिसऱ्यांदा आले तेव्हा सगळे जमले होते.

“मिळाला?”

“नाही.”

“मग चालू करो.”

“नाही.”

“अरे, काही नाही तर काय शोधताय? भूत शोधताय?” देसाई ओरडले. मी त्यांना त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. “एक माणूस गेला म्हणून तुम्ही रोज मिल बंद ठेवणार?”

सगळ्यांच्या मनातलं ते बोलले होते. साहेब स्टुलावर बसलेले, हातात मीटर.

“सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं नाही,” ते म्हणाले. “आहेच, असंही मी सांगू शकत नाही. शिफ्ट संपेपर्यंत शोधतो. तुम्हाला चालू करायचं असेल तर दुसऱ्या माणसाला सांगा.”

नव्या मॅनेजरनं नजर दुसरीकडे वळवली. स्विचला हात लावायला कुणी पुढे झालं नाही.

सोनी तेव्हा फिनिशिंगला होती, कागदाचे गठ्ठे बांधायला. सुक्या बाजूच्या पुढे ती कधीच यायची नाही. पहिल्या सिलेंडरापाशी एक खांब होता, तिथेच थांबायची. त्या दिवशी दुपारी ती खांबापाशी आली.

“सायेब, मशीन नाय तर घरी जाऊ का? पोरगा एकटा हाय.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “जा,” ते म्हणाले.

ती गेली. हळूहळू बाकीचेही गेले. साहेब शिफ्ट संपेपर्यंत शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी मशीन चालू झालं आणि थांबलं नाही. त्या दिवशी काय होतं, काही होतं की नव्हतं, ते कधीच कळलं नाही. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. मी एकदा बसमध्ये त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, “साहेब, तुम्हाला काय वाटतं, होतं का काही?”

“माहीत नाही,” ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, बस चारोटी सोडून डहाणूच्या रस्त्याला लागल्यावर, “माहीत नाही, चुरीबाई,” असं पुन्हा म्हणाले.

ते असेपर्यंत मिलमध्ये करंटनं दुसरं कुणी गेलं नाही. याचं कुणी काही मानलं नाही. न झालेली गोष्ट कोण बघतं? ते मिल सोडून गेले त्या दिवशी नारळ आणि शाल दिली, देसाई दोन शब्द बोलले. साहेब उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली बसले. सोनी सगळ्यांत मागे उभी होती. कार्यक्रम संपल्यावर ती त्यांच्याजवळ आली नाही, तेही तिच्याकडे गेले नाहीत. नव्वदीच्या शेवटाकडे मिलच बंद पडली. मशीन भंगारात गेलं. मी डहाणूला एका पतपेढीत लागले.

शेवटचे ते दिसले वरोरला. पागधरेबाई रिटायर झाल्यावर दोघं गावीच राहायला गेली होती. मी माझ्या जावेबरोबर सुके बोंबील आणायला गेले होते. दिवाळी होऊन गेली होती. किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगलेले आणि खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला. साहेब त्यांच्या थोरल्या भावाच्या मासळी सुकवायच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. केस पिकले होते, अंगात बनियन आणि लुंगी. मला ओळखलं. मुलींची चौकशी केली. मिलचं काही विचारलं नाही. मीही काढलं नाही. बाईंनी चहा केला. बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण उठावंसंही वाटत नव्हतं.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. अवकाळी. पहिले थेंब पडले आणि सगळ्या किनाऱ्यावर एकच धावपळ सुरू झाली. बायका खराटे घेऊन जवळा गोळा करायला लागल्या. साहेबही उठले आणि त्यांच्यात शिरले. त्यांना ते काम येत नव्हतं, ते स्पष्ट दिसत होतं. ओंजळी भरभरून नेत होते आणि निम्मा जवळा वाटेत सांडत होते. बायका त्यांना हसत होत्या. ढीग झाला, वर ताडपत्री टाकली, आणि वाऱ्यानं ती एका बाजूनं उचलली. साहेब त्या बाजूवर जाऊन बसले.

आमची एसटी यायची वेळ झाली होती. आम्ही पिशव्या डोक्यावर धरून धावतच रस्त्यावर आलो. बस आली, आम्ही चढलो, खिडकीची जागा मिळाली. रस्ता किनाऱ्याला लागूनच जातो, खिडकीतून खळं दिसत होतं, तिथले आवाजही ऐकू येत होते. पाऊस चांगला धरला होता.

“भावोजी, उठा, भिजताय!” त्यांची वहिनी ओरडत होती. “मी दगड आणते!”

“आण,” साहेब म्हणाले. “दगड येईपर्यंत बसतो.”

बस निघाली. मी मागे वळून पाहिलं. बायका किनाऱ्यावरून एकेक दगड उचलून आणत होत्या, आणि ते ताडपत्रीच्या कडेवर बसून होते.